डेंग्यूचा सीरोटाइप काढायचा, तर नेस्टेड पीसीआर की रिअल-टाइम पीसीआर?

एनएस१ (रक्तातलं डेंग्यूचं प्रथिन शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली की डेंग्यू आहे एवढंच कळतं, विषाणूच्या चार सीरोटाइपपैकी, म्हणजे उपप्रकारांपैकी, कोणता ते नाही. रुग्णाच्या सलाइनचं गणित हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि धोक्याच्या लक्षणांवर चालतं, सीरोटाइपने ते बदलत नाही. पण गेल्या हंगामात डेंग्यू-१ पसरलेल्या शहरात यंदा डेंग्यू-२ निघू लागला, तर दुसऱ्यांदा लागण होणाऱ्यांत गंभीर रुग्ण वाढू शकतात. ती चाहूल लागावी म्हणून हा खटाटोप: पीसीआरने विषाणूच्या जनुकीय साखळीतल्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून सीरोटाइप ओळखायचा.

संशोधक लान्सिओटींची १९९२ची नेस्टेड पद्धत, म्हणजे एकापाठोपाठ दोन फेऱ्यांचा पीसीआर, अजूनही भरवशाची आहे. पहिल्या फेरीत ५११ बेसचा (जनुकीय अक्षरांचा) तुकडा. दुसऱ्या फेरीनंतर, तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर, डेंग्यू-१ ते ४ साठी अनुक्रमे ४८२, ११९, २९० आणि ३९२ चा पट्टा. साधा थर्मल सायक्लर (पीसीआरसाठी तापमान बदलत राहणारं यंत्र) पुरतो. शिवाय तो ५११ चा तुकडा सिक्वेन्सिंगला (अक्षरक्रम वाचायला) देऊन जीनोटाइपही, म्हणजे सीरोटाइपमधला उपगटही, काढता येतो.

अडतं ते दोन फेऱ्यांच्या मधे. पहिल्या फेरीची ट्यूब उघडावीच लागते, आणि तिच्यात तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. झाकण टचकन उघडलं की सूक्ष्म थेंब हवेत, हातमोज्यावर, पिपेटच्या दांड्यावर. मग एके दिवशी निगेटिव्ह कंट्रोलच्या (मुद्दाम विषाणूविना लावलेल्या नमुन्याच्या) घरात ४८२ चा फिकट पट्टा दिसतो आणि अख्खी बॅच बाद होते. उघडण्याआधी ट्यूब फिरवून घ्या, फिल्टर टिप वापरा, माल शंभरपट पातळ करा, तो मिसळायला वेगळी खोली ठेवा. त्रास कमी होतो. पण ऐन पावसाळ्यात, रोज चाळीस नमुने येत असताना, आमच्या अनुभवात तो पुरता कधीच जात नाही.

रिअल-टाइममध्ये ट्यूब बंद ती बंदच. प्रती वाढत असतानाच मशीन त्यांची चमक वाचतं: चार प्रोब (ठरावीक सीरोटाइपला चिकटणारे चमकते तुकडे), चार रंग, जेल नाही. मशीन चारही रंग वाचतं ना, तेवढं खरेदीआधी पाहा. प्रोब महाग आहेत, आणि प्रोबच्या जागी विषाणू बदलला तर तो सीरोटाइप हुकू शकतो.

नमुना मात्र दोन्हीकडे सारखाच हवा: तापाच्या पहिल्या पाच दिवसांतला, हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधला नको, कारण हेपरिन पीसीआर दाबतं.

वेगळ्या खोल्या आणि मुरलेला हात असेल तर नेस्टेड सोडायची घाई नको. नव्याने मांडणी करत असाल, तर आमचा कल रिअल-टाइमकडे. उरलेला आरएनए उणे ७० वर ठेवा आणि ज्यांचं सीटी मूल्य (कितव्या आवर्तनात चमक दिसली तो आकडा) कमी, म्हणजे विषाणू भरपूर, तेवढेच नमुने सिक्वेन्सिंगसाठी काढा.