जीएनयू बॅकगॅमन : ब्रिजवाल्यांनी जरूर उतरवून घ्या

आमच्या ब्रिजच्या टेबलावर ‘जॅकोबी’ हे नाव रोज निघतं. पार्टनरच्या वन नोट्रंपच्या (बिनहुकमी) बोलीवर दोन चौकट बोललं की बदाम दाखवले, एवढीच बहुतेकांची ओळख. बॅकगॅमन म्हणजे फासे टाकून पटावर सोंगट्या पळवायचा दोघांचा खेळ. तो कॉम्प्युटरवर खेळायच्या या फुकट प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ‘जॅकोबी नियम’ दिसला, तेव्हा पार्टनरने विचारलं, “हा तोच का गं?” तोच.

ऑस्वाल्ड जॅकोबी, जन्म १९०२, ब्रुकलिन. पेशाने विम्याचा गणिती. (मीही विमा कंपनीत आकडेमोड करूनच निवृत्त झाले, त्यामुळे जरा जास्त आपुलकी.) १९३१च्या गाजलेल्या कल्बर्टसन-लेन्झ ब्रिज-सामन्यात तो लेन्झचा पार्टनर होता, दोघांचं पटेना, तेव्हा सामना अर्धवट टाकून उठला. १९७२मध्ये बॅकगॅमनचं जगज्जेतेपद. १९८३मध्ये ऐंशीच्या वयात ब्रिजची राइसिंजर स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी गेला.

त्याचा नियम असा : डाव (म्हणजे त्याची पणाला लागलेली किंमत) कुणी दुप्पट केलेलाच नसेल, तर गॅमन झालं, म्हणजे हरणाऱ्याची एकही सोंगटी पटाबाहेर निघाली नाही (एरवी याचे दुप्पट गुण), तरी एकच गुण. त्यामुळे चांगली स्थिती आलेला माणूस दुप्पट न करता मोठ्या विजयाची वाट बघत बसत नाही. खेळ सरकतो.

या प्रोग्रॅमची खरी किंमत त्या दुपटीच्या निर्णयांत आहे. समोरच्याने दुप्पट केलं, तर डाव सोडायचा की दुप्पट किमतीला घेऊन खेळायचं? सोडलं तर एक जातो, घेऊन हरलं तर दोन. म्हणजे चारांत एकदा जिंकण्याइतकी आशा असली, तरी ढोबळ मानाने घ्यावं. बोलीत मुरलेल्या माणसाला हे गणित लगेच पटतं, पण पटावर ती आशा ओळखणं कठीण. शिकवणीचा पर्याय चालू ठेवला की प्रोग्रॅम चुकीच्या चालीआधीच टोकतो.

दिसायला मात्र रुक्ष. मेनूंची गर्दी इतकी की नवख्याने आधी कुणाकडून तरी दोन-चार डाव शिकून यावं. ‘कॉम्प्युटर फासे स्वतःच्या सोयीचे टाकतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी हाताने फासे टाकून दान भरायची सोय आहे. ती वापरा आणि भांडण मिटवा.

सामन्याचं विश्लेषण केलं की नशीब आणि चुका यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. आमच्यातले एक काका फक्त नशिबाचाच मोठ्याने वाचतात.