'झॉम्बी' : दोन बाजू, २५ मिनिटे

फेला कुटी ऐकायला सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्याची अडचण खरी आहे, कारण या नायजेरियन कलावंताच्या नावावर पन्नासच्या आसपास अल्बम आहेत आणि त्यांतली बरीच गाणी दहा मिनिटांच्या आत संपतच नाहीत. माझे उत्तर गेली कित्येक वर्षे एकच आहे : १९७६चा 'झॉम्बी'. मूळ एलपीवर दोनच गाणी आहेत, प्रत्येक बाजूला एक, आणि दोन्ही मिळून साधारण २५ मिनिटे होतात. एवढ्या वेळात अ‍ॅफ्रोबीट, म्हणजे पश्चिम आफ्रिकी ताल, जाझ आणि फंक यांच्या मिश्रणातून फेलाने घडवलेली शैली, काय आहे हे तर समजतेच, शिवाय बंदुका हाताशी असलेल्या लष्करी राजवटीला एका गाण्याचा एवढा संताप का यावा, हेही उमगते.

पहिल्या बाजूवरचे शीर्षकगीत साडेबारा मिनिटांचे आहे आणि त्यातली पहिली पाच मिनिटे फेलाचा आवाज ऐकूच येत नाही. गिटारचा एक आखूड तुकडा फिरून फिरून येत राहतो, त्याखाली बास आपली वाट धरतो, आणि टोनी अ‍ॅलनचे ड्रम या सगळ्याला बांधूनही ठेवतात आणि मोकळेही सोडतात. अ‍ॅलन ठेका ठोकून दाखवत नाही. जिथे आघात पडेल असे वाटते तिथे तो थोडी जागा सोडतो आणि ऐकणाऱ्याचे अंग ती जागा आपोआप भरून काढते. मग सॅक्सोफोन येतो. फेला लंडनच्या ट्रिनिटी संगीत महाविद्यालयात शिकला तो ट्रम्पेट; टेनर सॅक्सोफोन त्याने हाती घेतला तो १९७३मध्ये वाद्यवृंदातला सॅक्सोफोनवादक इगो चिको सोडून गेल्यावर. त्याच्या वादनात सफाई कमी आहे, पण बोलण्याची ऐट आहे, आणि या गाण्याला सफाईपेक्षा तीच हवी होती.

शब्द सुरू झाले की गाण्याचा रोख उघड होतो. सैनिक म्हणजे हुकमाशिवाय न हलणारा, हुकूम मिळाला की मारायला आणि मरायला निघणारा मुडदा, असे फेला सांगू लागतो आणि मागचा स्त्रियांचा कोरस प्रत्येक ओळीला एकाच शब्दाने उत्तर देतो : 'झॉम्बी', म्हणजे चालता-फिरता मुडदा. पोवाड्यातले झीलकरी ज्यांच्या कानांत आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. पुढे तो कवायतीचे हुकूमच सोडू लागतो, डावीकडे, उजवीकडे, थांब, सलाम कर, आणि इथेच मला या गाण्याची खरी करामत दिसते : दहा मिनिटे त्या लयीवर डोलत असलेल्या श्रोत्याच्या लक्षात येते की आपले पायही हुकुमाबरहुकूम पडू लागले आहेत. ज्या आज्ञाधारकपणाची टर उडवली जात आहे, तो आपल्या शरीरातही आहे याचा अनुभव गाणे देते. फेला पिजिन इंग्रजीत गातो. ती बाजारात, बसमध्ये, बराकीतही बोलली जाणारी भाषा असल्याने ज्याला उद्देशून गाणे होते, त्या शिपायालाही ते समजत होते.

दुसऱ्या बाजूवरचे 'मिस्टर फॉलो फॉलो' संथ चालीचे आहे. कोणाच्या मागे जायचेच असेल तर डोळे आणि कान उघडे ठेवून जा, एवढेच ते सांगते. अनेक जण ही बाजू न ऐकता सोडून देतात, आणि ते मला पटत नाही, कारण पहिल्या गाण्यातला शिपाई दुसऱ्या गाण्यात साधा नागरिक होऊन समोर येतो.

या रेकॉर्डची जी किंमत द्यावी लागली, ती बाजूला ठेवून तिच्याविषयी लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. फेलाने लागोसमधल्या आपल्या घराला 'कलाकुटा प्रजासत्ताक' असे नाव दिले होते. आधी ज्या कोठडीत त्याला डांबले होते तिचे हे नाव, आणि त्याचे मूळ आपल्या कलकत्त्याच्या नावात आहे. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी, लागोसमधला आफ्रिकी कलांचा भव्य सरकारी महोत्सव संपून आठवडाही झाला नसताना, सुमारे हजार सैनिकांनी या घराला वेढा घातला, माणसांना बेदम मारले आणि घर जाळले. फेलाच्या आई फनमिलायो रॅन्सम-कुटी तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या. अबेओकुटाच्या बाजारातल्या स्त्रियांना संघटित करून ज्यांनी १९४०च्या दशकात करांविरुद्ध लढा दिला आणि तिथल्या राजाला गादी सोडायला लावली, त्या या बाई. त्यांना सैनिकांनी खिडकीतून खाली फेकले. त्या सावरल्या नाहीत आणि एप्रिल १९७८मध्ये गेल्या. चौकशीने दोष 'अज्ञात सैनिका'वर ठेवला. फेलाने आईची शवपेटी लष्करी सत्तेचे केंद्र असलेल्या दोदान बराकीच्या दाराशी नेली, आणि या दोन्ही गोष्टींवर पुढे रेकॉर्ड काढल्या.

अशा आईच्या मुलाने स्त्रियांविषयी जे गायले, त्यातले बरेच मला ऐकवत नाही. १९७८मध्ये त्याने एकाच समारंभात २७ जणींशी लग्न केले आणि काही गाण्यांत स्त्रीने पुरुषाखालीच राहावे असा सूर लावला. त्याच्या धैर्याचा आदर करताना हे झाकून ठेवू नये, असे मला वाटते. विशेषतः 'झॉम्बी'ला तो प्राण देणारा कोरस स्त्रियांचा आहे, हे लक्षात घेता.

आता कोणती आवृत्ती घ्यावी, याविषयी. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यांनी मूळच्या दोन गाण्यांचीच एलपी घ्यावी. एक बाजू संपल्यावर उठून तबकडी उलटण्यात जी उसंत मिळते, ती या दोन गाण्यांच्या मध्ये हवीच. नायजेरियन कव्हर गारिओक्वू लेमी या चित्रकाराचे आहे, ज्याने फेलाची वीसहून अधिक कव्हरे केली. ते मोठ्या आकारात पाहिल्याखेरीज त्याचा जोर कळत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकणे मात्र व्यर्थ आहे. बास नाहीसा होतो, बॅरिटोन सॅक्सोफोनची घरघर जाते आणि उरतो तो केवळ गोंगाट. शक्य तेवढे चांगले स्पीकर लावावेत आणि पहिली पाच मिनिटे पुढे सरकवू नयेत.

पुढे निघालेल्या सीडीवर आणखी दोन गाणी जोडलेली आहेत. त्यांनी मूळ अल्बमची घडी विस्कटते हे खरे, तरीही त्यांतल्या 'मिस्टेक'साठी मी ती सीडी जपून ठेवली आहे. ते १९७८च्या बर्लिन जाझ महोत्सवातले प्रत्यक्ष सादरीकरण आहे. घर जळून गेलेले, आई गेलेली, आणि मंचावर 'झॉम्बी' वाजवणारा हाच फेलाचा 'आफ्रिका ७०' वाद्यवृंद. त्या कार्यक्रमानंतर टोनी अ‍ॅलन आणि इतर अनेक वादक फेलाला सोडून गेले. ध्वनिमुद्रणात त्याची कसलीही चाहूल लागत नाही; ड्रम तितकेच मोकळे वाजतात.