तमारा, मल्होत्रा आणि आत्याचा तांब्या

पुढच्या शनिवारी पन्हाळ्यावर बंगला घेतलाय, भाचरं-पुतणे मिळून नऊ जण, आणि रात्री लावायला पिक्चर सुचवायचं काम माझ्याकडं आलंय. भाचीची अट एकच. "भूत नको मावशी. भुताला बघून मी हसत सुटतो. घरात माणूस शिरतो तसला सांग." (कोल्हापुरातल्या मुली 'मी हसतो, मी येतो' असंच बोलतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

तसल्यांत चार नावं निघाली. 'द स्ट्रेंजर्स', २००८ चा. त्याचंच नवं कापड घातलेला 'द स्ट्रेंजर्स : चॅप्टर वन', २०२४ चा. 'हश', २०१६ चा. आणि आपला 'कौन', १९९९ चा. पोरांचा कल अर्थातच चॅप्टर वनकडं, कारण नवा आहे आणि मुखवटे झकास आहेत. मी तो बघून बसलेय, म्हणून हा सगळा खटाटोप.

बघितला तो आत्याच्या घरी, मंगळवार पेठेत, गेल्या पावसाळ्यात. हे सांगायचं कारण असं की या विषयातली घरची जाणकार आत्या आहे, मी नाही. ती बरीच वर्षं एकटी राहते. रात्री पुढच्या दाराला कडी, कडीच्या वर आडणा, आणि परसदाराच्या कडीवर पितळेचा तांब्या, तांब्यावर फुलपात्र पालथं. बाहेरून दार बोटभर जरी हललं तरी दोन्ही फरशीवर पडणार आणि निम्मी गल्ली उठून बसणार. ही युक्ती तिला तिच्या सासूनं दिली. एकदा मांजरानं तांब्या पाडला तेव्हा समोरच्या घरातले तिघं लाठ्या घेऊन आले होते आणि मग चहा पिऊन गेले. अशा बाईशेजारी बसून हा पिक्चर बघणं ही चूकच होती.

गोष्ट अशी. माया आणि रायन हे जोडपं गाडीनं पोर्टलंडला निघालंय. वाटेत ओरेगन राज्यातल्या व्हीनस नावाच्या खेड्यात जेवायला थांबतात. जेवून येतात तर गाडी सुरूच होत नाही. गॅरेजवाला म्हणतो, उद्या. रायनला स्वतःलाच वाटतं की ही गावातली मंडळी आपल्याला गंडवतायत. तरीसुद्धा दोघं रानातल्या भाड्याच्या घरात रात्रीपुरती जाऊन राहतात. इथवर ठीक आहे. गाडी बंद पडली की माणूस काय करणार! आंबा घाटात आमची बंद पडली तेव्हा आम्हीही अनोळख्या माणसाच्या टेम्पोत बसून आलो होतो.

मग दार वाजतं. अंधारात उभी असलेली मुलगी विचारते, तमारा आहे का? नाही म्हटल्यावर जाते. आता तुमच्या घरी रात्री असं कुणी आलं तर तुम्ही काय कराल? आमचा रायन काय करतो, तर त्याला आठवतं की दम्याचा पंप गाडीत राहिलाय. तिथं सापडलेली मोटरसायकल घेतो आणि मायाला रानात एकटं टाकून गावात निघून जातो.

आत्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली. "दोघं एका गाडीवर बसत न्हाईत व्हय?"

सगळ्या पिक्चरची हवा त्या एका वाक्यानं गेली. खरंच, का बसत नाहीत? दम्याच्या माणसाला पंप लागतो हे पटतं. पण माया मागच्या सीटवर बसली तर गोष्ट अर्ध्या तासात संपली असती, म्हणून तिला घरी ठेवलंय, एवढंच उत्तर उरतं. आणि माया तरी काय करते? गांजाची सिगरेट ओढते, पियानो वाजवते, आंघोळीला जाते. दार पुन्हा वाजतं तर पुन्हा दाराशी. "दार कशाला उघडालीय ही?" आत्याचा दुसरा प्रश्न. आपल्याकडं पोरगं चालायला लागायच्या आधी 'कोण हाय?' असं आतूनच ओरडायला शिकतं.

पुढचं सगळं सांगत नाही, पण दोन गोष्टी राहवत नाहीत. घराखालच्या फटीतून सरपटताना मायाच्या तळहातात खिळा आरपार जातो आणि तिला ओरडता येत नाही. पिक्चरभरात अंगावर काटा आणणारी जागा ती एकच, कारण तिथं ती जे करते ते तुम्ही-आम्हीही केलं असतं. दुसरी म्हणजे, रायनच्या हातात बंदूक आल्यावर ती भलत्याच माणसावर चालते. जुना पिक्चर बघितलेल्याला हे पाच मिनिटं आधीच कळतं, कारण तिथंही हेच झालेलं आहे.

दिग्दर्शक रेनी हार्लिन हा काही नवखा नाही. 'डाय हार्ड २' आणि 'क्लिफहँगर' त्याचे. चॅप्टर वन धरून तीन भाग त्यानं एकदमच चित्रित केले, तेही ओरेगनात नव्हे तर स्लोव्हाकियात. आणि गोम इथंच आहे. एका रात्रीची गोष्ट तीन तिकिटांत वाटायची म्हटल्यावर पहिल्या भागात कुणाला शहाणपणानं वागू देणं परवडत नाही. दीड तास बसल्यावर पडद्यावर 'क्रमशः' येतं. दुसरा भाग २०२५ मध्ये आला. त्यात मुखवटेवाले कमी पडले म्हणून की काय, बिचारीच्या अंगावर रानडुक्कर सोडलंय. दाजीपूरच्या बाजूला राहणाऱ्याला गवा शेतात उतरला तर नवल वाटत नाही. पण ज्या पिक्चरात माणसाची भीती घालायची त्यात डुकराची मदत घ्यावी लागली, तर लेखकाचं काय चाललंय ते समजा.

आता जुना. २००८ चा 'द स्ट्रेंजर्स', ब्रायन बर्टिनोचा, लिव्ह टायलर आणि स्कॉट स्पीडमन. सांगाडा तोच, अगदी तमाराचं नाव आणि मुखवटेही. तिथंही नवरा होऊ घातलेला माणूस बाईला एकटी सोडून बाहेर जातो, आणि तोही पंपासाठी नाही, सिगरेट आणायला! म्हणजे कागदावर बघितलं तर जुना जास्त मूर्खपणाचा. मग तो का चालतो?

कारण त्याआधी त्यांचं काय झालंय ते आपल्याला माहीत असतं. मित्राच्या लग्नाहून परतताना त्यानं लग्नाचं विचारलंय आणि ती नाही म्हणालीय. घरात गुलाबाच्या पाकळ्या पसरून ठेवलेल्या, आणि दोघांना एकमेकांकडं बघवत नाही. अशा वेळी कुणीतरी 'मी जरा जाऊन येतो' म्हणणारच. सिगरेट हे निमित्त. आपल्याकडं भांडण झाल्यावर बाप्या माणूस रंकाळ्याला चक्कर मारून येतो, तसं. रायन आणि मायामध्ये असं काहीच नाही, त्यामुळं त्याचं जाणं म्हणजे फक्त लेखकाची सोय.

आणि एक दृश्य. ती स्वयंपाकघराजवळ उभी आहे, पाणी पितेय, एकटी. तिच्या मागं अंधारी जागा. त्या अंधारातून तोंडावर पोतं घातलेला माणूस पुढं येतो आणि नुसता उभा राहतो. संगीत नाही, दण्णकन आवाज नाही, कॅमेरा त्याच्याकडं वळतसुद्धा नाही. तिला कळलेलं नाही, तुम्हाला कळलंय, आणि तुम्हाला ते कधी कळलं हेही नीट आठवत नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यानंतर दोन रात्री पाणी प्यायला उठले नाही. नव्यात अशी जागा आली की आधी संगीत तुतारी फुंकतं.

बर्टिनोला हे सुचलं ते लहानपणच्या आठवणीतून. घरी कुणी मोठं नसताना अनोळखी माणसं दार वाजवून भलत्याच नावाची चौकशी करून गेली, आणि मागून कळलं की त्या भागात बंद घरं फोडली जात होती. म्हणजे 'तमारा आहे का' याचा खरा अर्थ 'घरात कुणी आहे का'. हे एवढं समजलं की तो प्रश्न ऐकायला फार वाईट वाटतो.

शेवटी बाई विचारते, आमच्याशीच का? जुन्यात उत्तर मिळतं, तुम्ही घरी होतात म्हणून. नव्यात तेच उत्तर किंचित बदललंय : तुम्ही इथं आहात म्हणून. बदलणं भागच होतं. घर त्यांचं नाहीच ना, भाड्याचं आहे. पण त्या एका शब्दात सगळी भीती सांडून गेली. आपलं घर हीच सगळ्यात सुरक्षित जागा, आणि आपण तिथं होतो हाच गुन्हा, हे ऐकून पोटात गोळा येतो. भाड्याच्या घरात तुम्ही होतात, तर उद्या दुसरं बुक करा.

'हश' बद्दल आत्याचं मत चांगलं पडलं, आणि आत्याला इंग्रजी येत नाही हे लक्षात घ्या. त्यात संवादच कमी. माइक फ्लॅनगननं केलेला, केट सीगल ही त्याची बायको, तिनंच त्याच्याबरोबर लिहिला आणि तीच नायिका. मॅडी नावाची लेखिका, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, रानात एकटी राहते. शेजारीण काचेच्या दारावर बुक्क्या मारत मरते आणि मॅडी पाठ करून ओट्याशी काम करतेय. ऐकायलाच येत नाही. तिथं आत्यानं शेंगांची पाटी बाजूला ठेवली.

मारेकरी बाहेर आहे हे कळल्यावर ती काचेवर लिपस्टिकनं लिहिते, की मी तुझं तोंड बघितलेलं नाही, कुणाला सांगणार नाही. शहाणी बाई! आणि तो काय करतो, सावकाश मुखवटा काढतो. आता बघितलंस. संपलं. असा शहाणपणा आणि त्यावर तशीच मात, हे जिथं आहे तिथं मजा येते. नंतर ती पळायचं, लपायचं, दार उघडायचं असे सगळे पर्याय मनात चालवून बघते आणि प्रत्येकात मरते. म्हणजे सोफ्यावर बसून आपण जे जे सल्ले देणार, ते तिनं आधीच तपासून टाकलेत. आणि बहिऱ्या माणसासाठी बसवलेला आगीचा भोंगा, डोळे दिपवणाऱ्या दिव्यांचा आणि कानठळ्या बसवणारा, तो ती त्याच्यावरच उलटवते. त्याला दोन्ही सोसत नाही, तिला आवाजाचा प्रश्नच नाही. "बघ, तांब्या," आत्या म्हणाली.

खोट एक आहेच. एवढी काचेची दारं, तो फोडून आत का येत नाही? त्याचं म्हणणं, मला हवं तेव्हा येईन, तुला मरावंसं वाटेल तेव्हा येईन. पहिल्या अर्ध्या तासात हे पटतं, नंतर जरा ताणलं जातं. पण पिक्चर दीड तासाच्या आतच आटोपतो, त्यामुळं ताण तुटत नाही.

'कौन' बद्दल हात आखडता घेते, कारण नऊ जणांत कुणीतरी न बघितलेलं असणार आणि शेवट फोडला तर मला पन्हाळ्यावरून ढकलतील. राम गोपाल वर्मा, लेखन अनुराग कश्यप, एकही गाणं नाही, एक घर, धो धो पाऊस आणि मिळून तीन माणसं : ऊर्मिला मातोंडकर, मनोज बाजपेयी, सुशांत सिंग. 'सत्या'च्या पुढच्याच वर्षीचा. टीव्हीवर मोकाट खुन्याची बातमी चालू, घरात मुलगी एकटी, बेल वाजते आणि बाहेरचा माणूस विचारतो, मल्होत्रासाहेबांचं घर हेच का?

बघा, तमाराच्या नऊ वर्षं आधी आपल्याकडं मल्होत्रा होते. आणि ही मुलगी पटकन दार उघडत नाही, साखळीआडून बोलते, खिडकीतून बघते. तो मात्र असा चिकट, असा गोडबोल्या की बाहेर भिजणाऱ्या माणसाला आत घ्यावं की नाही, हे आपल्यालाच ठरवता येईनासं होतं. बाजपेयीचं बोलणं काही ठिकाणी डोक्यात जातं, आणि पार्श्वसंगीत इतकं वरच्या पट्टीत की रिमोट हातातच ठेवावा लागतो. नुसतं चाललेलं माणूस दाखवायलाही कॅमेरा गरागरा फिरतो. पण मधेच 'ही असं का वागतेय' असा प्रश्न पडला तर लेखकाला शिव्या घालू नका. शेवटापर्यंत थांबा. चॅप्टर वनमध्ये त्याच प्रश्नाला पुढच्या भागाचं तिकीट मिळतं, इथं उत्तर मिळतं.

तेव्हा पोरांनो, नऊ जण, भडंगाच्या पिशव्या, मधेच कुणाचा तरी फोन, असं असेल तर 'कौन'. हिंदी आहे, दंगा चालतो, आणि शेवटाला सगळे आपोआप गप्प होतात. 'हश' दंग्यात लावू नका, त्याचा जीव शांततेत आहे. दोघं-तिघं जागे उरलात तर त्यानंतर लावा. २००८ चा स्ट्रेंजर्स एकट्यानं किंवा दोघांनीच बघायचा, आणि ज्यांचं नुकतंच भांडण झालंय त्यांनी तर नकोच. चॅप्टर वन हा पडद्याला मोठ्यानं सल्ले द्यायची हौस असेल तर, आणि आत्या बरोबर असेल तर. तिच्याशिवाय त्यात काही नाही.

हे सगळं भाचीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, कौन ठरला. खाली आणखी एक ओळ : "मावशी, बंगल्याला मागं काचेचं सरकतं दार हाय, कडीच न्हाई. तांब्या कुठं ठेवायचा?"

आत्याला विचारलंय. ती म्हणाली, आधी दाराचा फोटो पाठवा.