धरणाची तपासणी करून घेतली: १ लाख १० हजारांत काय मिळालं

माण तालुक्यात आमच्या गावच्या तलावाच्या भरावापासून साडेतीनशे मीटर खाली आमची वस्ती आहे. बावीस घरं आणि एक अंगणवाडी. तलाव १९७२च्या दुष्काळातला. माझ्या सासूबाईंनी त्यावर पाट्या वाहिल्यात. मी पाच वर्षं सरपंच होते, आता नाही, पण तपासणीचं काम मी सुरू केलं होतं म्हणून शेवटपर्यंत मीच धरून ठेवलं. ज्यांच्या गावाला असंच जुनं मातीचं धरण आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसच्या वर माणसं झोपायच्या वेळेला वाहून गेली. तिथल्या लोकांनी गळतीबद्दल आधी सांगितलं होतं, हे वाचल्यावर माझ्या डोळ्यापुढं आमचीच मोरी आली, म्हणजे भरावाखालून तलावाचं पाणी सोडायची वाट. मोरीच्या उजव्या अंगाला पायथ्याशी आमच्याकडं बारा महिने ओल असते. एप्रिलात सगळं रान करपतं तेव्हा तेवढाच खोलीएवढा तुकडा हरळीनं हिरवागार असतो. शेरडं तिथंच चरतात. आम्हाला ते लहानपणापासून बघून इतकं सवयीचं झालं होतं, की कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मग मी विचारायला लागले की हे बघायचं कुणी. २०२१ला धरण सुरक्षा कायदा झाला. त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात. १० ते १५ मीटरची धरणं येतात, पण भरावाची लांबी निदान ५०० मीटर किंवा साठा निदान १० लाख घनमीटर असली एखादी अट बसली तरच. त्यात बसलं की मालकावर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणीचं बंधन असतं. आमचं धरण ११ मीटर ८० उंच, ३८० मीटर लांब, साठा साधारण ६ लाख घनमीटर. म्हणजे कुठंच बसत नाही. पण खालच्या बावीस घरांना पाणी काही कायदा विचारून येणार नाही. म्हणून आपणच पैसे घालून माणसं आणायची असं ठरवलं.

पहिल्यांदा आम्ही फसलो. २०२२ला शहरातल्या एका सल्लागार कंपनीला ५५ हजार दिले. एक तरुण मुलगा आला, वीस मिनिटं टॉपवर, म्हणजे भरावाच्या माथ्यावर, फिरला, मोबाईलवर फोटो काढले आणि गेला. पायथ्याला उतरलासुद्धा नाही. अहवाल मात्र चाळीस पानी, गुळगुळीत कागदावर. त्यात लिहिलेलं, ‘सांडव्याचे दरवाजे सुस्थितीत असून त्यांना रंग द्यावा.’ आमच्या सांडव्याला दरवाजेच नाहीत. उघडा सांडवा आहे, कातळातून काढलेला. ते पान वाचून मला रडू आलं. पैसे लोकांच्या वर्गणीचे होते आणि मला घरोघर जाऊन तोंड दाखवायचं होतं.

दुसऱ्या वेळी दोन वर्षं शोधून मग माणसं धरली. हे दोघं निवृत्त आहेत. एक सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी माती धरणांवर गेलेली. दुसरे भूशास्त्राचे. त्यांची कंपनी नाही, ऑफिस नाही, आणि जाहिरात नको म्हणाले, म्हणून नावं देत नाही. फी १ लाख १० हजार. त्यात दोन भेटी, टोटल स्टेशनवर (उंची-अंतर मोजायचं यंत्र) भरावाची मोजणी आणि अहवाल. मातीच्या चाचण्यांचे १४ हजार वेगळे. फोनवरच सरांनी अट घातली, “ताई, धरण एकदा भरलेलं बघणार आणि एकदा रिकामं. एकाच भेटीत उरकायचं असेल तर आम्हाला बोलवू नका.” तिथंच मी होकार दिला.

ऑक्टोबर २०२४ला तलाव काठोकाठ होता तेव्हा पहिली भेट झाली. सरांनी आधी कागद मागितले. नकाशे, भरावाचा छेद, मोरीचं डिझाइन. यातलं आमच्याकडं एकही पान निघालं नाही. त्यांनी ते फार मनावर घेतलं नाही. म्हणाले, “बांधणारी माणसं आहेत का कोण?” मी त्यांना थेट घरी आणलं.

सासूबाई आता सत्तरीच्या पुढं आहेत. सर त्यांच्यापुढं खाली सतरंजीवर बसले आणि वहीत भरावाची एक रेघ काढून विचारलं, “आजी, माती कुठून कुठं टाकत गेलात?” आत्याबाईंनी बोट ठेवून सांगितलं. दोन्ही अंगांनी भराव वर आला, मधे ओढा मोकळाच ठेवलेला. “वढ्यातला भराव समद्यात शेवटी टाकला. पाऊस डोक्यावर आल्याला. मुकादम नुसता, टाका टाका, म्हनायचा. तितं रोलर फिरल्याला म्या न्हाई बघितला. बैलं फिरवली दोन दिस.” सरांनी लिहिणं थांबवलं. घळभरणी, म्हणजे मोकळ्या ठेवलेल्या ओढ्यातला शेवटचा भराव, घाईत झाली आणि मातीची दबाई कच्ची राहिली, हे त्यांना त्या एका वाक्यात कळलं. मोरीही त्याच घळीच्या कडेला, आणि आमची ती हिरवी हरळीही तिथंच. पन्नास वर्षं ही माहिती आमच्याच घरात होती आणि कुणीही आत्याबाईंना विचारलं नव्हतं.

संध्याकाळी पायथ्याला गेलो. सरांनी पिशवीतून पाण्याच्या दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या काढल्या. एक भरावाच्या डाव्या अंगाच्या पाझरावर भरली, दुसरी मोरीशेजारच्या ओलीत पळीनं पाणी काढून. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसत होती. त्यावर चिठ्ठ्या लावून आमच्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, “सकाळपर्यंत कुणी हलवू नका.” रात्री मी दोनदा उठून बॅटरी मारून बघितलं. सकाळी डाव्या बाटलीचा तळ स्वच्छ होता. मोरीच्या बाटलीत बोटाच्या नखाएवढ्या जाडीचा थर बसला होता, पिठासारखा मऊ, तांबूस काळा. सरांनी ती बाटली उजेडात धरली आणि सावकाश समजावलं. मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच, नितळ असेल तर फार घाबरायचं नाही. गढूळ आलं म्हणजे पाणी एकटं येत नाही, आतली माती घेऊन येतंय. बाहेरून आत, आतून आणखी आत, अशी बारीक नळी पोखरत जाते आणि एक दिवस तलावाच्या पाण्याला जाऊन भिडते. मग काही तासांचा खेळ असतो.

मोरीचीच जागा का, तेही सांगितलं. सिमेंटच्या बांधकामाला माती कधी पुरती चिकटून बसत नाही, सांध्यावर फट राहते. १२ जुलै १९६१ला पानशेतचा भराव खचला तोही मोरीच्या वरच, असं सर म्हणाले.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. २०२०ला मीच पुढाकार घेऊन त्या ओलीवर काळी माती आणि सिमेंट थापून घेतलं होतं. गळती बंद केली म्हणून ग्रामसभेत टाळ्या पडल्या. सरांनी ते थापलेलं बघितलं आणि एवढंच विचारलं, “मग पाणी कुठून निघालं?” दोन हात पलीकडून निघालं होतं. बाहेरचं तोंड बुजवलं की आत दाब वाढतो आणि पाणी दुसरी वाट काढतं. करायचं असतं ते उलट गाळणीचं काम. ओल्या जागेवर आधी धुतलेली जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगडांचं वजन. पाणी निघून जातं, माती मागं राहते. हे एवढं साधं काम आम्हाला कुणी सांगितलं असतं तर चार वर्षं वाया गेली नसती.

सांडव्यावरून मात्र गावात भांडण झालं. सांडव्याच्या माथ्यावर आम्ही दर वर्षी वाळूच्या गोण्या रचत होतो, दोन फूट. तेवढंच पाणी जास्त राहतं, उन्हाळ्यात डाळिंबाला एक पाणी मिळतं. सर म्हणाले, गोण्या आजच्या आज काढा. लोक चिडले. मग त्यांनी मारुतीच्या देवळात फळ्यावर हिशेब मांडला. सांडवा ३० मीटर रुंद. भरावाला धोका न होता त्यावरून १ मीटर २० सेंटिमीटर उंचीचं पाणी जाऊ शकतं, म्हणजे सेकंदाला साधारण ६७ घनमीटर. गोण्यांनी ६० सेंटिमीटर अडवले तर उरतात ६० सेंटिमीटर. लोकांना वाटलं निम्मं पाणी जाईल. पण निघतात फक्त २४ घनमीटर, जवळजवळ तिसरा हिस्सा. बाकीचं पाणी टॉपवरून जाणार, आणि मातीचा भराव वरून वाहणारं पाणी सोसत नाही. त्यात मोजणीत निघालं की घळीच्या वर, जिथून ट्रॅक्टर ये-जा करतात, तिथं टॉप ३५ सेंटिमीटर खचलेला आहे. पाणी पहिलं तिथूनच गेलं असतं, आणि त्याच्या बरोबर खाली आमची अंगणवाडी. फळ्याकडं बघून माझे चुलत दीर, ज्यांची सगळ्यात जास्त डाळिंब आहे, उठले आणि म्हणाले, “उद्या मीच काढतो.” काढल्या त्यांनी.

बाकीच्या गोष्टी एरवीच्याच. घुशींची बिळं, साळिंदराचं एक मोठं भोक, आतल्या उतारावरचं पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, तीन ठिकाणी ढासळलेलं, भरावावर बाभळी. बाभळींबद्दल एवढं लक्षात ठेवा की नुसत्या तोडून सोडायच्या नाहीत. मुळ्या आत कुजल्या की त्यांच्याच नळ्या होतात. बुंधा खणून काढून खड्डा थराथरानं दाबून भरावा लागतो.

दुसरी भेट एप्रिल २०२५ला, तलाव तळाला गेल्यावर. सर मोरीच्या टॉवरमध्ये स्वतः उतरले, वय सत्तरीच्या जवळ असताना, कमरेला दोर बांधून. आतून फट सापडली, तिचा फोटो अहवालात आहे. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

आता जे पटलं नाही ते. अहवाल ठरल्यापेक्षा उशिरा आला, आणि पावसाळा तोंडावर असताना थोडा उशीरही फार असतो. अहवाल पूर्ण इंग्रजीत. मागितल्यावर चार पानांचा मराठी गोषवारा दिला, तो चांगला आहे, पण तो न मागता मिळायला हवा होता. धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल याचा नकाशा त्यांनी केला नाही. तो फीमध्ये नव्हता हे खरं, पण वस्तीतल्या बाईला पहिला प्रश्न हाच पडतो की माझ्या उंबऱ्यापर्यंत किती वेळात येईल. शेवटी सरांनी अंदाजानं कोणत्या घरांनी कोणत्या बाजूनं टेकाडावर पळायचं ते फिरून दाखवलं. ते कागदावर यायला हवं होतं.

धरण सरकारी मालकीचं, परवानगीशिवाय भरावाला हात लावता येत नाही. अहवाल जोडून पत्र दिलं, परवानगी आली, आणि गाळणीचं काम १७ मेला पुरं केलं. त्या वर्षी मे महिन्यातच आमच्याकडं वळवाच्या जागी थेट पावसाळा उतरला. आठवड्याभरात ओढे वाहिले. काम दहा दिवस लांबलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

सरांनी जाताना पाझराच्या चरीत व्ही नॉच बसवून घेतलं. लोखंडी पत्रा, मधे काटकोनाचा काप, दहिवडीच्या वेल्डरकडून करून आणला. कापातून वाहणाऱ्या पाण्याची उंची रोज पट्टीनं मोजायची. चार सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला अर्ध्या लिटरच्याही आत. आठ झालं तर दुप्पट नव्हे, साडेपाच पट. हे सरांनी अंगणवाडीच्या ताईंना आणि मला तीन वेळा म्हणून दाखवायला लावलं. पाणी गढूळ दिसलं किंवा उंची एका दिवसात वाढली, तर आधी वस्ती हलवायची, फोन नंतर. वही आमच्या घरात आहे. गेल्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त आकडा सहा आला आणि बाटलीचा तळ स्वच्छ होता.

तुम्ही कुणाला बोलावणार असाल तर पैशाचं बोलायच्या आधी विचारा, पायथ्याला उतरणार का, भरलेलं आणि रिकामं दोन्ही बघणार का, टॉपची मोजणी यंत्रावर करणार का. मराठी अहवाल आणि पाण्याचा नकाशा पहिल्याच पत्रात लिहून घ्या. आमच्या १ लाख २४ हजारांत बावीस घरांच्या वाट्याला प्रत्येकी साडेपाच हजारांच्या आसपास आले, आणि ते मी पुन्हा मागायला जाईन.

सरांना यंदाच्या ऑक्टोबरला परत बोलावलंय, एका भेटीचे १८ हजार ठरलेत. त्याच्या आत सांडव्याखालची चर ओढ्यापर्यंत मोकळी करायची राहिली आहे. जेसीबीवाल्याला रविवारचं सांगितलंय.