दाराचं टेबल की तुळईचा बाक?

जुना वाडा उतरवला की आपल्यासारख्यांच्या हाती लागण्याजोग्या दोनच गोष्टी उरतात, दारं आणि तुळया. सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारख्या घाटाचे कोरीव खांब असलेच तर व्यापारी आधीच उचलतो. माझी दोन्ही करून झालीत. आधी दाराचं टेबल केलं, चार वर्षांनी तुळईचा बाक. तेव्हा "काय घेऊ?" असं कुणी विचारलं तर थोडं बोलायला हरकत नसावी.

दिसायला दारच उजवं, त्यात वाद नाही. पितळी फुल्या, कडी-कोयंडा, अडसराची खाच... पाहुणा आल्याआल्या त्यावर हात फिरवतो. तुळईकडे कुणी ढुंकून बघत नाही. शिवाय दार नगावर मिळतं आणि पाय लावले की काम झालं. पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात, मुंबईत ओशिवऱ्याला चक्कर मारा, भरपूर बघायला मिळेल. फक्त 'वाड्याचं दार' म्हणून दाखवतात ते कधी जोधपूरकडचं निघतं, कधी कारैकुडीचं. देखणं असतं, पण आपल्या पेठेतलं नसतं.

दार घेतलंत तर रंग सांभाळा. त्यावर ऑइलपेंटचे थरच्या थर असतात आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत 90 भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 मध्ये. त्यामुळे कोरडं घासू नका. मी गॅलरीत बसून आठवडाभर घासलं होतं, तो शुद्ध मूर्खपणा होता. तुळईवर बहुतेक चुना नाहीतर चुलीचा धूर, तारेच्या ब्रशने निघतो.

तुळईचा जाच म्हणजे खिळे. मी चुंबक फिरवून सतरा काढले, अठरावा लाकूड कापणाऱ्या मिलवाल्याच्या पात्याला सापडला. पात्याचे पैसे अर्थात मी भरले. आणि वजन! माझी आठ फुटी, आठ बाय सहा इंचाची. घनफुटाच्या हिशेबात जेमतेम पावणेतीन, पण पन्नासेक किलो. लिफ्टमध्ये मावेना, चौघांनी जिन्याने वर आणली.

म्हणजे खरं तर दारच घ्यायला हवं. पण काच.

दार आडवं टाकलं की त्याच्या खोलगट चौकोनांत कप उभा राहत नाही, म्हणून वर काच लागतेच. माझी सहा बाय दोन फुटांची, 12 मिलिमीटरची, तेहतीस किलो. फुल्यांमुळे ती दारावर टेकत नाही, खाली बोटभर फट राहते. त्या फटीतून शेव जाते, साखर जाते, आणि मग मुंग्यांची रांग थेट डोळ्यांसमोर, काचेखाली, आपला हात पोचणार नाही अशी. पुसायची म्हणजे दोन माणसं हवीत. दर रविवारी बायको एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि मधे आमचं जे काही व्हायचं ते. ज्या नक्षीवर हात फिरवावा म्हणून दार आणलं, ती काचेखाली गेली ते वेगळंच.

बाकावर काच नाही, पॉलिशही नाही. वर्षातून एकदा जवसाचं तेल लावतो. मधोमध पाळण्याच्या कडीचं भोक आहे, लोखंडाने भोवतालचं लाकूड काळं पडलंय. ते बुजवू दिलं नाही. नातू त्यात पेन्सिल उभी करतो. कापून उरलेला टोकाचा तुकडा, कुसवासकट (खाचेत बसणाऱ्या टोकासकट), एका तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, उभा केलाय. मुलगी त्याला शिल्प म्हणते, मी उरलेला तुकडा म्हणतो.

हे झालं माझ्या घरापुरतं. तुमच्याकडे चहा टेबलावर पीत नसतील, घरात लहान मूल नसेल, तर दारासारखी शोभा नाही. आमचं टेबल आता भावाकडे असतं. त्याने पहिल्याच महिन्यात काच उतरवून पलंगामागे उभी केली. टेबलावर कुंड्या ठेवतो.