लुक्ल्याला जायचे कुठून: काठमांडूहून की मंथलीहून?

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या ट्रेकरला, जेथून ही पायी वाट सुरू होते त्या लुक्ल्याचे विमान काठमांडूहून धरावे की नेपाळच्याच रामेछाप जिल्ह्यातील मंथलीहून, हे आधीच ठरवावे लागते. सरळ रेषेत मोजले तर काठमांडू ते लुक्ला हे अंतर सुमारे 135 किलोमीटर असून उड्डाणाला 30 ते 35 मिनिटे लागतात. मंथलीहून तेच अंतर जेमतेम 75 किलोमीटर भरते आणि विमान 15 ते 20 मिनिटांत पोहोचते. मात्र वाचलेल्या या पंधरा मिनिटांसाठी आधी काठमांडू ते मंथली हा सुमारे 130 किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता चार-पाच तास प्रवास करून गाठावा लागतो. सकाळचे पहिले विमान धरायचे असेल, तर हॉटेलातून मध्यरात्रीनंतर लगेचच निघावे लागते.

असे असूनही मंथलीचे पारडे जड ठरते, याचे कारण लुक्ल्याच्या धावपट्टीत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,850 मीटर उंचीवरील ही धावपट्टी अवघी 527 मीटर लांब असून तिला जवळजवळ 12 टक्के चढ आहे, म्हणजे एका टोकापेक्षा दुसरे टोक सुमारे 60 मीटर उंच आहे. विमान चढाच्या दिशेने उतरते आणि उताराच्या दिशेने उडते. वरच्या टोकाला डोंगर आणि खालच्या टोकाला दरी असल्यामुळे शेवटच्या क्षणी उतरणे रद्द करून पुन्हा घिरटी घेण्याची सोय वैमानिकाला नसते. त्याला धावपट्टी डोळ्यांनी दिसलीच पाहिजे. दुपारकडे ढग आणि वारा वाढत असल्याने सारी भिस्त सकाळच्या मोजक्या तासांवर असते, आणि तेवढ्या वेळात छोट्या ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर विमानाच्या मंथलीहून जितक्या फेऱ्या होतात, तितक्या काठमांडूहून होत नाहीत. त्यातच काठमांडूच्या विमानतळावर गर्दी असते. म्हणूनच मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या हंगामांत लुक्ल्याची बहुतेक उड्डाणे मंथलीकडे वळवली जातात.

हंगामाबाहेर जाणाऱ्यांनी मात्र काठमांडूहूनच थेट जावे. रात्रीच्या जागरणाचे तेव्हा काहीच कारण नाही. हंगामात जाणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा की, मध्यरात्री निघण्याऐवजी आदल्या दिवशी उजेडीच मंथली गाठून तेथे मुक्काम करावा. सप्टेंबर 2024 च्या पुरात या मार्गावरील बीपी महामार्गाचे मोठे नुकसान झाले होते, तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची ताजी स्थिती विचारूनच घ्यावी. मंथली पाचशे मीटरपेक्षाही कमी उंचीवर तामाकोशी नदीकाठी आहे. तेथून वीस मिनिटांत शरीर जवळजवळ 2,400 मीटर वर जाते, आणि तेही अपुऱ्या झोपेने, ही गोष्ट पन्नाशी ओलांडलेल्यांनी तरी हलक्यात घेऊ नये. सुदैवाने पहिल्या मुक्कामाचे फाकदिंग लुक्ल्यापेक्षा थोडे खाली आहे.

दोन्हीकडून सामानाची मर्यादा साधारण 15 किलोच असते. परतीचा हिशेब मात्र वेगळा आहे: लुक्ल्याहून विमान वेळेवर सुटले, तरी मंथलीहून काठमांडूला पोहोचेपर्यंत दुपार उलटते, आणि हवा बिघडली तर संपूर्ण दिवस जातो. म्हणून मुंबईच्या तिकिटाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत.