नदीकाठाला विलो की वाळुंज? कोकणातल्या जागेसाठी तुलना

खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर या पट्ट्यात ज्याची जागा नदीला लागून आहे, त्याला पावसाळा सरला की एकच चिंता: यंदा काठ किती गेला आणि उरलेला धरून ठेवायला काय लावायचं? २०२१ च्या जुलैतल्या वाशिष्ठीच्या पुरानंतर तर हे जास्तच विचारलं जातं. हल्ली त्यावर ‘विलो लावा’ असा सल्ला मिळतो. युरोपात विलोच्या ओल्या फांद्या विणून काठ बांधतात त्याचे व्हिडिओ फिरत असतात, आणि शोधलं तर रोपवाटिकेत काळ्या पिशवीतलं, फांद्या खाली सोडलेलं रोपही सापडतं. पैसे मोजण्याआधी हे झाड मुळात राहतं कुठे ते पाहिलेलं बरं. निम्मा निर्णय तिथेच होतो.

विलोच्या साधारण ४०० जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या उत्तर गोलार्धातल्या थंड मुलखात. एकट्या चीनमध्ये पावणेतीनशेच्या आसपास, मेक्सिकोच्या वरच्या उत्तर अमेरिकेत शंभरावर, युरोपात साठ-पासष्ट. ऑस्ट्रेलियात मूळची एकही नाही. बाहेरून नेलेल्या बहुतेक जातींना तिथे आता तण म्हणून उपटावं लागतंय. उत्तरेला जावं तसं झाड बुटकं होत जातं. ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला, ८३ अंश अक्षांशापर्यंत, आर्क्टिक विलो पोचलाय. आइसलंड-स्कँडिनेव्हियातल्या बुटक्या विलोचं खोड माती-शेवाळात दडलेलं असतं आणि वर दिसतात ती एकेका डहाळीची दोन-तीन गोल पानं. आपल्या सड्यावरचा पावसाळी तेरडासुद्धा त्याच्यापेक्षा उंच. बोचऱ्या वाऱ्यात जमिनीलगतच काय ती ऊब, त्यामुळे डोकं वर काढण्यात फायदाच नाही. थोडं खाली आलं की हाच गोतावळा झुडपांचा आणि मग मोठ्या झाडांचा होतो. लडाखमध्ये घराच्या छताला पॉप्लरच्या वाशांवर विलोच्या काठ्या अंथरतात, काश्मीरमध्ये कांगडीची, म्हणजे अंगाशी धरायच्या शेगडीची, टोपली त्याच्या काड्यांची आणि अनंतनागकडच्या बॅटही त्याच्याच.

यांतल्या बहुतेकांत दोन गोष्टी सारख्या. पाय ओलीत हवेत, आणि वर्षातून एकदा थंडीची झोप हवी. बी कापसाच्या तंतूवर उडतं, पण जिवंत राहतं ते काही दिवसच. तेवढ्यात उघडा ओला गाळ मिळाला तर ठीक. बर्फ वितळून नद्या ओसरतात तेव्हा तिकडे तसा गाळ मिळतो. कोकण किनाऱ्यावर पाण्याला तोटा नाही, थंडीचं काय? जानेवारीतली पहाट साधारण १८-२० अंशांची. म्हणून बागेतला लोंबत्या फांद्यांचा विलो इथे मरेलच असं नाही, देशावरच्या बागांत एखादा तग धरून असतो. पण चार महिन्यांच्या दमट पावसात पानांना बुरशीचा त्रास आणि खाडीजवळ असाल तर मिठाचा. काठ राखायचं काम त्याच्यावर सोपवायला मी धजणार नाही. नुसती लोंबती शोभाच हवी असेल तर लोंबता बॉटलब्रश घ्या, तो उष्ण हवेला सरावलेला आहे. आणि बॅटचा विलो लावून पैसे करायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

पण विलोची एक शाखा दक्षिणेला उतरली, आणि ती आपल्याकडे आहे: वाळुंज. सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांच्या काठी तो आपसूक वाढतो. पान हातात घेऊन बघा: लांबट, टोकदार, कडेला बारीक दाते, वरून चकचकीत हिरवं आणि उलटवलं की पांढुरकं. वारा सुटला की सगळं झाड रंग बदलतं. जुन्या खोडाची साल काळपट, उभ्या भेगांची. विलोचा जो गुण आपल्याला हवा, म्हणजे ओल्या मातीत खोचलेली फांदी फुटणं, तो यात आहे. व्हिडिओतली विणकाम-युक्ती करायचीच असेल तर याच्यावर करा. अट एकच, पाणी गोडं हवं आणि ओल मे महिन्यातही हवी. घाटपायथ्याच्या बारमाही वहाळाला तो शोभतो. शिमग्यानंतर ठणठणीत कोरड्या पडणाऱ्या पऱ्ह्याला नाही.

पात्र खडकाळ असेल तर मात्र मी शेरणीकडे वळेन. ही विलोच्या कुळातली नाही, एरंडाच्या कुळातली, पण पान थेट विलोसारखं अरुंद. लोंढ्यात राहणाऱ्या झाडाला रुंद पान परवडतच नाही. उन्हाळ्यात नदीत उतरलात तर धोंड्यांच्या फटींत ही झुडपं दिसतील, प्रवाहाच्या दिशेने कललेली, पुरातला पालापाचोळा अंगावर अडकलेली. दोन पुरुष पाणी डोक्यावरून जातं तेव्हा ती वाकते, सुटत नाही. रोपवाटिकांच्या यादीत ती सहसा नसते, ही अडचण आहे. लोकांना ती लावण्याजोगी वाटतच नाही.

भरतीचं पाणी पोचतं तिथे विलो-वाळुंज दोन्ही बाद. तिथे करंज. खारं-गोडं दोन्ही सोसतो, मुळं खोल, शिवाय बियांचं तेल. वाळूचा काठ असेल तर उंडी. त्याच्याही खाली चिखलात खारफुटी असेल तर तिला हात लावू नका. ती तोडणं कायद्याने बंद आहेच, आणि तिच्याइतका काठ दुसरं कोणी राखत नाही.

तुमच्या जागेला यातलं काय, हे ठरवायला मे महिन्यात, भरतीच्या वेळी काठावरून एक चक्कर मारा. पाणी चाखून पाहा, पायाखाली ओल आहे का पाहा. वाळुंज ठरला तर पुराचा जोर ओसरल्यावर, गणपतीनंतर, अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या कापून दोन तृतीयांश जमिनीत जातील अशा तिरक्या खोचा. फांद्या त्याच नदीच्या वरच्या अंगाच्या घ्या आणि चार-पाच वेगवेगळ्या झाडांवरून घ्या. विलोसारखीच वाळुंजातही नर-मादी झाडं वेगळी असतात; एकाच झाडाच्या फांद्या लावल्या तर सगळी एकाच लिंगाची निघतील आणि जवळ जोडीदार नसेल तर काठावर बियांचं एकही रोप यायचं नाही.